लाइट आली, प्रिंट येईना: टर्मिनलवरून पाठवलेली फाईल अडते कुठं?

संध्याकाळचे पावणेसहा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लाइट दहा मिनिटं जाऊन आली होती. माग पुन्हा खडखडायला लागले, टेम्पो दारात उभा, गठ्ठे चढवून झालेले, आणि चलन तेवढं निघत नव्हतं. हिशेब बघणारे काका रोजच्यासारखी टर्मिनलमध्ये कमांड देत होते, संगणक रोजच्यासारखा जॉब क्रमांक देत होता, आणि प्रिंटर गप्प. काकांनी पुन्हा तीच कमांड दिली. पुन्हा नवा क्रमांक. असं सहा वेळा झालं. मग मला हाक मारली, "अरे, प्रिंट येईना की!"

मी गेलो, रांग बंद पडलेली दिसली, ती चालू केली. प्रिंटरमधून एकामागून एक अठरा कागद बाहेर आले. चलनाच्या तीन प्रती लागतात, एक माल घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याकडे. सहा वेळा दिलेली कमांड, प्रत्येकी तीन. त्यातल्या कुठल्या तीन प्रतींवर सही करून टेम्पोला द्यायच्या आणि बाकीच्या पंधरा फाडायच्या, यात आणखी दहा मिनिटं गेली.

हा प्रकार महिन्यातून दोन-तीनदा व्हायचा. दर वेळी कुणीतरी प्रिंटर बंद-चालू करायचं, संगणक बंद-चालू करायचं, आणि कधीतरी प्रिंट यायची. नेमकं कशानं आली ते कुणालाच कळायचं नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक वेळी फाईल कुठं अडली होती ते लिहीत गेलो. पाच-सहाच जागा निघाल्या. त्या इथे सांगतो.

काकांना मी हे बऱ्याचदा फोनवरून सांगतो, म्हणून कमांड इथेही बोलतो तशाच लिहिल्यात. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं. कॅपिटल जिथं लागतं तिथं मुद्दाम सांगितलंय. आमच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर दोन प्रिंटर जोडलेत. यूएसबीवरच्या ऑफिसातल्या प्रिंटरचं नाव ठेवलंय 'चलन', आणि राउटरवरून नेटवर्कला जोडलेला आहे तो 'गोडाऊन'. तुमची नावं वेगळी असतील, तिथं तुमची घाला.

पहिली गोष्ट त्या जॉब क्रमांकाची. आपण देतो

एलपी -डी चलन -एन ३ बिल.पीडीएफ

आणि लगेच उत्तर येतं, रिक्वेस्ट आयडी इज चलन-२१४, एक फाईल. हे वाचून काकांना वाटायचं प्रिंट गेली. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की कप्स नावाच्या प्रिंट व्यवस्थेनं फाईल आपल्या ताब्यात घेतली. पुढं ती स्पूलमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्या कामांच्या साठ्यात, पडते, मग फिल्टर तिचं प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो, मग बॅकएंड ती यूएसबीवरून किंवा नेटवर्कवरून प्रिंटरकडे ढकलतो. या प्रत्येक टप्प्यावर फाईल अडू शकते आणि क्रमांक मात्र आधीच मिळून गेलेला असतो. म्हणून प्रिंट आली नाही तर तीच कमांड पुन्हा द्यायची नाही. आधी विचारायचं,

एलपीस्टॅट -टी

एवढ्या एका कमांडमध्ये कप्स चालू आहे का, डीफॉल्ट प्रिंटर कोणता, प्रत्येक प्रिंटर कुठल्या पत्त्यावर आहे, रांगेत काय अडलंय, सगळं दिसतं. यात दोन शब्द नीट बघायचे, अ‍ॅक्सेप्टिंग आणि इनेबल्ड. दोन्ही वेगळे आहेत आणि गोंधळ नेहमी इथंच होतो. सोलापूर स्टँडवर आरक्षणाची खिडकी उघडी आहे, तिकिटं फाटतायत, पण गाडी फलाटावरून हलत नाही, असं समजा. खिडकी उघडी म्हणजे अ‍ॅक्सेप्टिंग. गाडी सुटतेय म्हणजे इनेबल्ड. आमच्याकडे त्या संध्याकाळी खिडकी उघडी होती, म्हणून सहा क्रमांक मिळाले. गाडी बंद होती. एलपीस्टॅटनं स्पष्ट लिहिलं होतं, प्रिंटर चलन डिसेबल्ड सिन्स, आणि पुढं लाइट गेली तीच वेळ.

आता ते डिसेबल का झालं? आमचा संगणक यूपीएसवर आहे, प्रिंटर नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये हे बरोबरच आहे, त्यातला फ्यूजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर बसवणारा भाग, गरम होताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस टिकत नाही. पण त्याचा परिणाम असा, की लाइट गेली की संगणक जिवंत राहतो आणि प्रिंटर छपाईच्या मधेच मरतो. प्रिंटर आधीपासूनच बंद असेल तर कप्स बहुतेक वेळा शांतपणे वाट बघतं. पण अर्धा डेटा गेलेला असताना समोरचं यंत्र नाहीसं झालं, तर बॅकएंड चूक म्हणून परत येतो. तेव्हा रांगेचं एरर धोरण 'स्टॉप प्रिंटर' असेल तर कप्स ती रांगच थांबवून ठेवतं. लाइट परत आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. कप्सच्या दृष्टीनं प्रिंटरमध्ये काहीतरी बिघाड आहे आणि माणूस येऊन बघेपर्यंत थांबायचं आहे.

उपाय दोन कमांडचा, पण क्रम महत्त्वाचा. आधी रांगेतली जादा कामं काढायची, मग रांग चालू करायची. मी त्या दिवशी उलटं केलं, म्हणून अठरा कागद निघाले. रांगेत काय पडलंय ते

एलपीस्टॅट -ओ चलन

यानं बघा. एखादंच काम काढायचं असेल तर

कॅन्सल चलन-२१५

आणि सगळंच झाडून काढायचं असेल तर

कॅन्सल -ए चलन

मग

सुडो कप्सइनेबल चलन

सुडो म्हणजे पुढची कमांड मशीनच्या मुख्य अधिकारानं चालव. कप्सइनेबलचं स्पेलिंग सी-यू-पी-एस आणि त्याला जोडूनच इनेबल, मधे जागा नाही. डेबियन-उबंटूच्या घराण्यात एलपीअ‍ॅडमिन गटात असलेल्या माणसाला प्रिंटरची ही कामं करता येतात. काकांना त्या गटात घातल्यावर माझी अर्धी धावपळ वाचली. खिडकीच बंद असेल, म्हणजे एलपीस्टॅटमध्ये नॉट अ‍ॅक्सेप्टिंग दिसत असेल, तर कप्सइनेबलच्या जागी कप्सअ‍ॅक्सेप्ट.

हे झालं त्या वेळेपुरतं. दर वेळी कुणी येऊन रांग चालू करायची नसेल तर धोरणच बदला.

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी चलन -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब

आता छपाई मधे तुटली तरी रांग चालू राहते आणि तुटलेलं काम थोड्या वेळानं कप्स स्वतःच पुन्हा पाठवतं. अ‍ॅबॉर्ट-जॉब असंही एक धोरण आहे, त्यात तुटलेलं काम टाकून दिलं जातं. चलनासाठी ते नको, कारण चलन गेलं कुठं हे नंतर शोधत बसावं लागतं. मात्र रिट्राय-जॉब ठेवलं तर एक लक्षात असू द्या, तीन प्रतींपैकी एक लाइट जाण्याआधीच निघाली असेल तरी पुन्हा पहिल्यापासून तिन्ही येतात. आम्ही पहिला अर्धवट कागद तिथल्या तिथं फाडतो.

यूएसबीच्या काही जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरांना आणखी एक खोड असते. त्यांच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, कायम राहत नाही. दर वेळी वीज आली की संगणकानं ते त्यांना भरवावं लागतं. लिनक्स ते यूएसबी जोडणी दिसताच भरवतं, पण प्रिंटर अर्धवट जागा झालेला असताना ते हुकू शकतं. मग रांग इनेबल्ड, काम 'प्रोसेसिंग', हिरवा दिवा चालू, आणि कागद हलत नाही. अशा वेळी प्रिंटर बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा, मोटर शांत होईपर्यंत थांबा, मगच फाईल पाठवा. संगणक रीस्टार्ट करायची गरज नसते.

गोडाऊनच्या प्रिंटरचं दुखणं निराळं. तिथं रांग कधी डिसेबल व्हायची नाही. काम तासन्‌तास 'प्रोसेसिंग' दाखवायचं आणि शेजारी लिहिलेलं असायचं, प्रिंटर उत्तर देत नाही. गोडाऊनमधला माणूस सांगायचा, प्रिंटर चालू आहे, दिवा हिरवा आहे. दोघंही खरं बोलत होते. लाइट गेली की राउटरही बंद पडतो. परत आल्यावर तो सगळ्यांना नव्यानं आयपी पत्ते वाटतो, आणि जो आधी जागा होईल त्याला आधीचा मोकळा पत्ता. प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा आदल्या दिवशी २३ होता, आज २७. २३ वर आता कुणाचा तरी मोबाईल. कप्स बिचारं त्या मोबाईलचं दार ठोठावत बसलेलं.

एलपीस्टॅट -व्ही गोडाऊन

यात कप्सला ठाऊक असलेला पत्ता दिसतो. प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून नेटवर्कची माहिती छापता येते, त्यात त्याचा आजचा पत्ता असतो. दोन्ही जुळवून बघा. जुळत नसतील तर दुखणं सापडलं. कप्समधला पत्ता बदलणं ही मलमपट्टी झाली, पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. खरा उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणून भाग असतो, तिथं प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक, टाकून त्याच्या नावे एक आयपी कायमचा राखून ठेवा. आम्ही ५० राखून ठेवला. मग कप्सला एकदाच सांगायचं,

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी गोडाऊन -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

ही -ई कॅपिटल आहे, आणि ती -पी गोडाऊनच्या नंतरच यायला हवी. नंतर आली तर तिचा अर्थ 'रांग चालू कर आणि कामं घे'. आधी आली तर अर्थ होतो 'एन्क्रिप्शन वापर', आणि रांग तशीच बंद राहते. याच एका अक्षराच्या जागेपायी माझी एक दुपार गेली. शेवटचं एव्हरीव्हेअर नव्या नेटवर्क प्रिंटरांसाठी आहे, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, प्रिंटर स्वतःच काय जमतं ते सांगतो. जुन्या प्रिंटरला आयपीपी, म्हणजे नेटवर्कवरून छपाईची ही भाषा, येत नसेल तर सॉकेट आणि ९१०० क्रमांकाचं पोर्ट वापरा.

त्या ९१०० वरून आठवलं. एकानं कुठंतरी वाचून नेटकॅटनं, म्हणजे डेटा नेटवर्कवर जसाच्या तसा पाठवणाऱ्या कमांडनं, पीडीएफ थेट ९१०० पोर्टवर ढकलली होती. ते पोर्ट मिळेल ते निमूटपणे घेतं, आणि तो प्रिंटर पीडीएफ समजणारा नव्हता. पहिल्या ओळीत टक्केचिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं, खाली चित्रविचित्र खुणा, एका पानावर दोन ओळी, पुढच्यावर तीन, असे ट्रेमधले कागद संपेपर्यंत निघत राहिले. मधला फिल्टर टाळला की असं होतं. एलपीला -ओ रॉ जोडलं तरी तेच. रॉ ठेवायचं फक्त डॉट मॅट्रिक्ससारख्यांना, जिथं तुमचा प्रोग्रामच प्रिंटरच्या भाषेत मजकूर तयार करून देतो.

आता नारंगी दिव्याची गोष्ट. रांग चालू, पत्ता बरोबर, काम प्रिंटरपर्यंत पोहोचलं, आणि प्रिंटर नारंगी दिवा मिचकावत बसलाय. सगळे म्हणतात कागद संपला. ट्रे उघडावा तर भरलेला. हे जवळजवळ नेहमी लेटर साइजचं काम असतं. कप्स किंवा फाईल बनवणारा प्रोग्राम अमेरिकेच्या सवयीनं लेटर धरून चालतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-४ आहे २१० बाय २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट बघतो, आणि सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मागितला तर मिळणार ए-४. प्रिंटरवरचं पुढे चला असं बटण दाबलं की बहुधा छापतो, पण खालची ओळ, आणि चलनात तिथंच एकूण नग असतात, कापली जाण्याची भीती राहते. तेव्हापुरतं

एलपी -डी चलन -ओ मीडिया=ए४ बिल.पीडीएफ

आणि कायमचं

सुडो एलपीऑप्शन्स -पी चलन -ओ मीडिया=ए४

यातला 'ए' कॅपिटल. सुडो लावून केलं तर मशीनवरच्या सगळ्यांना लागू होतं. न लावता केलं तर फक्त तुमच्या खात्यापुरतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाईलमध्ये ते लिहिलं जातं. हा फरक पुढच्या भानगडीचं मूळ आहे.

आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून, एक स्क्रिप्ट चालते. आदल्या दिवशी कुठल्या मागावर किती टॉवेल निघाले त्याची पट्टी छापून ठेवायची, पहिल्या पाळीचा मुकादम आला की उचलतो. स्क्रिप्ट हातानं चालवली की प्रिंट यायची. क्रॉननं चालवली की नाही. कारण साधं होतं. मी डीफॉल्ट प्रिंटर माझ्या खात्यात ठरवला होता आणि क्रॉन चालत होतं रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावानं. रूटला डीफॉल्टच ठाऊक नव्हता. एलपी दररोज सकाळी 'डीफॉल्ट डेस्टिनेशन उपलब्ध नाही' असं सांगत होतं आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. स्क्रिप्टमध्ये डीफॉल्टवर कधीच भिस्त ठेवू नका. -डी लावून प्रिंटरचं नाव द्या, एलपीचा पूर्ण मार्ग लिहा, म्हणजे यूएसआर, बिन, एलपी, आणि जे उत्तर येईल ते एका लॉग फाईलमध्ये जाऊ द्या. क्रॉनच्या फाईलमध्ये वरती लँग (सगळी अक्षरं कॅपिटल) ही ओळ यूटीएफ-८ सकट द्यायलाही विसरू नका, नाहीतर मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात.

मराठी मजकुराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मदतीच्या पानांत याचा उल्लेख क्वचितच असतो आणि आपल्याला रोज लागतं. ती पट्टी मी आधी साधी टेक्स्ट फाईल म्हणून बनवायचो आणि एलपी पट्टी.टीएक्सटी असं थेट पाठवायचो. पडद्यावर अक्षरं झकास. कागदावर 'किंमत' या शब्दात वेलांटी 'क' च्या आधी न येता नंतर. 'शिल्लक' मधला 'ल्ल' सुटून पाय मोडलेला 'ल्' आणि पुढं आख्खा 'ल'. 'क्रमांक' चा 'क्र' मोडलेला. दुसऱ्या मशीनवरून तेच पाठवलं तर नुसते चौकोन. आमचे मुकादम तेलुगूभाषक आहेत. मराठी वाचतात, पण इतकी वर्षं छापील पट्टी नीट वाचायची सवय असलेल्या माणसानं त्या कागदाकडे बघून विचारलं, "हे काय लिवलंय ओ?" मला वाईट वाटलं. त्याच पट्टीवरून लोकांची मजुरी धरली जाते. तिथं अक्षर चुकलेलं चालत नाही.

कारण असं आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते. दाखवताना वेलांटी आधी काढायची, जोडाक्षरं जुळवायची, रफार वर चढवायचा, हे काम शेपिंग करणाऱ्या लायब्ररीचं आणि फॉन्टमधल्या नियमांचं. पडद्यावर ते काम होतं. कप्समधला टेक्स्टचा फिल्टर मात्र इंग्रजीसारखं एकेक अक्षर उचलतो आणि ओळीत मांडतो. त्याला जोडाक्षर जुळवता येत नाही. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर चौकोन. म्हणजे प्रिंटर निर्दोष आहे, कागदावर जे गेलं तेच मोडकं होतं.

म्हणून मराठी मजकूर टेक्स्ट फाईल म्हणून प्रिंटरला द्यायचाच नाही. आधी पीडीएफ करायची, ती उघडून बघायची, मग ती द्यायची. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आणि जागा आधीच ठरलेल्या असतात, पुढच्या फिल्टरला जुळवाजुळव करावी लागत नाही. मी पट्टी आता लिबरऑफिसच्या फाईलमध्ये बनवतो आणि कमांड लाइनवरूनच पीडीएफ करतो.

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ पट्टी.ओडीटी

एसऑफिस म्हणजे एस आणि पुढं ऑफिस, आणि इथं डॅश दोन-दोन आहेत. याच्यात एक खड्डा आहे. त्याच खात्यातून लिबरऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर ही कमांड कधी कधी काहीच न करता, चूकही न दाखवता परत येते, आणि मग कालचीच पीडीएफ छापली जाते. आम्हाला एकदा मंगळवारच्या तारखेची पट्टी बुधवारी मिळाली ती यामुळं. म्हणून स्क्रिप्टमध्ये जुनी पीडीएफ आधी पुसून टाकतो, आणि नवी तयार झाली असेल तरच एलपी चालवतो.

मजकूर साधाच असेल आणि लिबरऑफिस नको असेल तर पॅप्स नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो पँगो ही शेपिंग करणारी लायब्ररी वापरतो, त्यामुळं जोडाक्षरं बरोबर येतात. फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी द्या आणि त्याचं उत्तर पाइपनं एलपीकडे वळवा. फॉन्ट पीडीएफमध्ये खरोखर भरले गेलेत का हे पीडीएफफॉन्ट्स या कमांडनं कळतं, ईएमबी या रकान्यात प्रत्येकापुढं 'येस' हवं. सगळं बरोबर असूनही एखादा प्रिंटर हट्टानं अक्षरं बिघडवत असेल, तर पीडीएफटूपीपीएम वापरून पानाचं ३०० डीपीआयचं चित्र करा आणि ते चित्र पाठवा. थोडं सावकाश छापतं, पण चित्रातली वेलांटी कुणी हलवू शकत नाही.

कुठल्याही अडचणीत जुने सल्ले शोधताना एक घोटाळा होतो, तोही सांगून टाकतो. काही जण एलपी वापरायला सांगतात, काही एलपीआर. पहिली कमांड एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सची, दुसरी बर्कलीच्या युनिक्सची. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्सचं काम सुरू केलं, १९९९ मध्ये ते लोकांपुढं आलं, आणि त्यात दोन्ही घराण्यांच्या कमांड ठेवल्या. २००२ मध्ये अ‍ॅपलनं मॅकमध्येही कप्स घेतलं, म्हणून इथलं बरंचसं मॅकवरही चालतं. पण खुणा वेगळ्या. एलपीला प्रिंटरचं नाव लहान -डी नं द्यायचं, एलपीआरला कॅपिटल -पी नं. आणि एलपीमध्ये कॅपिटल -पी चा अर्थ पानांचे क्रमांक. दोन्हींची सरमिसळ केली तर प्रिंटरचं नाव पान क्रमांक म्हणून वाचलं जातं. एक घराणं धरा आणि त्यालाच चिकटून राहा. आम्ही एलपी धरलं.

फाईलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर नावाचा तुकडा वेगळी फाईल समजून 'अशी फाईल नाही' असं येतं. आणि एक प्रिंटर खरंच बिघडला तर रांगेतली कामं पुन्हा पाठवू नका,

सुडो एलपीमूव्ह चलन गोडाऊन

यानं सगळी कामं उचलून दुसऱ्या रांगेत जातात. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत हे फार कामाला आलं.

इतकं करूनही कळलं नाही आणि एलपीस्टॅट नुसतं 'फिल्टर फेल्ड' म्हणत असेल, तर लॉगकडे वळा.

सुडो कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग

मग तीच फाईल एकदाच पाठवा, आणि व्हार, लॉग, कप्स या फोल्डरमधली एरर-लॉग फाईल उघडा. फाईलच्या नावात एरर आणि लॉगच्या मधे खालची रेघ आहे. त्यात चौकटी कंसात जॉब आणि तुमचा क्रमांक शोधा, जॉब २१४ असा. त्या कामाचा आख्खा प्रवास ओळीनं दिसतो, कुठला फिल्टर सुरू झाला, कुठला कशानं पडला. बहुतेक वेळा शेवटच्या चूक-ओळीच्या चार-पाच ओळी वरती खरं कारण असतं, म्हणून खालून वर वाचत जा. संगणक अपडेट झाल्यानंतर हे सुरू झालं असेल तर प्रिंटर कंपनीचं प्लगइन जुन्याच आवृत्तीचं राहिलंय का ते आधी बघा. डिस्क भरली असेल तरी कामं पडतात, तेही एकदा डीएफ -एच देऊन तपासा. काम झालं की --नो-डीबग-लॉगिंग देऊन ते बंद करा, नाहीतर तोच लॉग डिस्क भरतो.

शेवटची जागा अशी आहे, की ती कुठल्याच कमांडला दिसत नाही.

एलपीस्टॅट -डब्ल्यू कम्प्लीटेड -ओ

म्हणतं काम पूर्ण झालं, इथला डब्ल्यू कॅपिटल. डेटा गेलेला आहे, प्रिंटर दोनदा कुरकुरतो आणि कागद ओढतच नाही. आमच्या मागांवरून सुताची बारीक लव दिवसभर उडत असते. टेबलावर, कीबोर्डवर बसते तशी कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवरही बसते. रोलर हातात घेतला तर काळं रबर पांढुरकं आणि गुळगुळीत लागतं, बोट सरकन घसरतं. प्रिंटर बंद करून, तार काढून, गार होऊ द्यायचा, ट्रे बाहेर काढायचा आणि लव न सुटणारं कापड पाण्यात जरासं ओलवून रोलर फिरवत पुसायचा. पूर्ण वाळला की ट्रे परत. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असतो आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, तेव्हा आम्ही हे दर पंधरा दिवसांनी करतो. संध्याकाळी प्रिंटर गार झाला की त्यावर कापड टाकतो, आणि सातची पट्टी छापायची असते म्हणून पावणेसातला कुलूप उघडणारा पोरगा आधी ते कापड काढतो, मग बटण दाबतो.